तिसऱ्या पायरीचा दगड

सर, दगड जुळला.

हे आधी सांगून टाकतो, कारण पाल्हाळ लावला की तुम्ही घड्याळाकडे बघायचात. परवा तुमचा तेरावा झाला. काल सकाळी आम्ही टाक्याच्या टेकडीवर गेलो. करवंदीच्या जाळीत तुम्ही खुणेसाठी पांढरी चिंधी बांधून ठेवली होती, तिथं दोन तुकडे एकावर एक ठेवले. मधे नख शिरणार नाही असे बसले. माझे आजोबा चोर नव्हते, सर. मी तिथंच मटकन खाली बसलो, आधी हसलो, मग रडू फुटलं, आणि माझी बायको कुसुम म्हणाली, "उटा आता, मानसं बघत्यात."

तुमच्या सोसायटीच्या लोकांना तुमच्यावर लेख हवा आहे. जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरी किती वर्षं, असा कागद त्यांनी माझ्या हातात दिला. मला त्यातलं धड एकही माहीत नाही. लिमये सर पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे, वहिनी आधीच गेल्या, मुलगी मुग्धा इटलीत असते आणि सर आमच्या देवळामागच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहायचे, एवढंच मला ठाऊक. तो टॉवर माझ्याच शेतात उभा आहे, हे तुम्ही मला दर आठवड्याला ऐकवायचात. "अध्यक्ष, रात्री छान झोप लागली तुमच्या हरभऱ्यात." मी तो कागद बाजूला ठेवला आणि हे लिहायला घेतलं. ते छापतील की नाही, त्यांचं ते बघतील.

आपली ओळख भांडणातून झाली. भैरोबाच्या देवळाच्या जीर्णोद्धार समितीचा मी अध्यक्ष, आणि तुम्ही एका सकाळी देवळाच्या खांबाला नखांनी खरवडत बसलेले. जत्रेला दरवर्षी आम्ही देवळाला ऑईल पेंट मारायचो. खांब चंदेरी, कमानी भगव्या, आणि मागच्या भिंतीला उरलेला रंग. मी म्हणालो, "काय करताय हो?" तुम्ही मागे न बघता म्हणालात, "ह्या रंगाखाली एक कमळ गुदमरतंय." माझं टाळकंच सरकलं. आमच्या देवळाला नखं लावायची आणि वर आम्हालाच शिकवायचं. मी तुम्हाला उठवलं. तुम्ही उठलात, गुडघे झाडलेत, आणि विचारलंत, "हे दगड आणले कुठून?"

सर, ह्या गावात मला कुणीही काहीही विचारावं, फक्त हे विचारू नये.

का, ते तुम्हाला नंतर कळलं, पण हा लेख कुणी परका वाचत असेल तर त्याच्यासाठी सांगतो. वरच्या खोऱ्यात धरण झालं तेव्हा बरीच गावं पाण्याखाली गेली. त्यातल्या एका गावात आमचे सोयरे होते. माझे आजोबा तीन रिकाम्या बैलगाड्या घेऊन तिकडे गेले आणि भरलेल्या घेऊन आले. पुढच्या जत्रेच्या आत आमच्या भैरोबाच्या कुडाच्या देवळाचं दगडी देऊळ झालं, तेही असल्या घडीव, नक्षीच्या दगडांचं. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. बुडत्या गावाचा देव उपसून आणला, असं म्हणू लागले. पालखीला पहिला खांदा आमच्या घराचा आहे, म्हणून तोंडावर कुणी बोलत नाही, पण पाठीमागे तीन पिढ्या चाललंय. आणि माझं नशीब असं की मुलगी दिली तीही त्याच बुडालेल्या गावातून उठून आलेल्या घरात. सविताच्या लग्नात, भर पंगतीत माझे व्याही ज्ञानोबा म्हणाले होते, "जेवान झ्याक झालं पाव्हणं, पर बसायला पायऱ्या आमच्याच देवाच्या." सगळे हसले. मीही हसलो. सविताला मात्र ते सासरी अजून ऐकावं लागतं, कधी थट्टेत, कधी भांड्याला भांडं लागलं की.

त्यांच्याशी भांडता तरी कसं येणार? त्यांचं घर, शेत, देव, सगळं पाण्यात गेलेलं. ज्याचं गेलंय तो बोलणारच.

म्हणूनच मला ते देऊळ पाडायचं होतं, सर. समितीच्या बैठकीत मी वेगळी कारणं सांगितली. जागा अपुरी पडते, गळतं, हिंजवडीचे लोक येतात त्यांना जरा बरं दिसलं पाहिजे, संगमरवर बसवू. खरं कारण एकच होतं. दगड गेले की प्रश्नही जाईल. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुम्ही चार महिने मागितलेत. पाडायचं तर पाडा, म्हणालात, पण आधी मला एकेक दगड कागदावर उतरवू द्या. मला वाटलं, म्हातारा माणूस, पंधरा दिवसांत कंटाळेल. चार महिन्यांची दोन वर्षं कधी झाली ते कळलंच नाही. रोज सकाळी तुम्ही स्टूल, पिशवी आणि टोपी घेऊन हजर. दगडाला खडूनं नंबर द्यायचा. मग मोठा पातळ कागद त्यावर ताणून धरायचा आणि कोळसा आडवा घासायचा, म्हणजे दगडावरची नक्षी कागदावर उमटायची. वारा आला की कागद उडायचा, म्हणून कोपरे धरायला कुणीतरी लागायचं. ते मी झालो. समितीचा अध्यक्ष, चार बिल्डिंगींचा मालक, आणि सकाळी साडेसातला देवळात दोन्ही हात पसरून कागद धरून उभा. मारुंजीला जाणारे टेम्पोवाले हॉर्न वाजवून हात करायचे. कुसुम विचारायची, "कुटं निगालाय?" मी म्हणायचो, "नोकरीला."

त्या नोकरीत मी सुखी होतो, सर. जमीन विकली तेव्हापासून सकाळी उठून जायला मला जागाच नव्हती. भाडेकरूंच्या पाण्याच्या मोटारी चालू करायच्या आणि पेपर वाचायचा, एवढंच काम. तुम्ही मला पुन्हा कामाला लावलंत. त्याबद्दल आभार मानायचे राहिले, ते आता मानतो.

दगड कुठून आले ह्यावरून आपली रोज वादावादी व्हायची, आणि गंमत म्हणजे त्यात मी आजोबांच्या विरुद्ध आणि तुम्ही त्यांच्या बाजूनं. तुम्ही टाक्याच्या टेकडीवर जाऊन आला होतात. वर कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्याजवळ, जाळीखाली, एका जुन्या देवळाचा नुसता चौथरा उरलाय, हे तुम्हीच हुडकून काढलंत. माझं अर्धं आयुष्य खालून गेलं, मी कधी पाहिला नव्हता. तुमचं म्हणणं सरळ होतं. भैरोबाचं मूळ देऊळ वरचं, ते पडलं, आजोबांनी दगड खाली आणले, खालचं बांधलं. मी म्हणायचो, "मग गाड्या कशाला घेऊन गेले ते?" तुम्ही म्हणायचात, "तीस-पस्तीस किलोमीटरवरून दगड कोण आणतं बैलगाडीतून? वेडे होते का तुमचे आजोबा?" मी म्हणायचो, "व्हय, होतेच. हट्टी होते." तुम्ही हसून म्हणायचात, "ते दिसतंच आहे."

एकदा तुम्ही मोबाईलवर मुग्धाकडचे फोटो दाखवलेत. तिच्या गावातलं एक फार जुनं चर्च. आत खांबांच्या रांगा, पण एकाला एक जुळत नव्हता. एक करडा, एक तांबूस, एक गुळगुळीत, एक खाचांचा. जो आखूड होता त्याच्या बुडाखाली जास्तीचा दगड सरकवलेला. तुम्ही सांगितलंत की हे खांब आधी रोमन लोकांच्या देवळांचे होते, बाजारांचे होते. ते पडले, नवा देव आला, लोकांनी जे हाताशी होतं ते घेतलं. कुठला खांब कुठून आला हे शोधत तिथं माणसं आयुष्य घालवतात. मी विचारलं, "आणि ज्यांनी आणले त्यांना चोर म्हणतात?" तुम्ही म्हणालात, "नाही हो. दगड खोल्या बदलतात, तुमच्या भाडेकरूंसारखे." मग तुम्ही मला आपल्या देवळाच्या डाव्या खांबापाशी नेलंत आणि बुडाशी बोट लावायला सांगितलंत. त्याच्याखालीही एक चपटा दगड होता. इतकी वर्षं मी त्याला पाया समजत होतो. तो खांब दुसरीकडचा होता, आखूड पडला म्हणून कुणीतरी त्याला उंची दिली होती. आजोबांचा हात मला पहिल्यांदा दिसला, सर. चोर म्हणून ऐकलेला माणूस तिथं उकिडवा बसून खांब ओळंब्यात आहे का, ते बघत होता.

पण एवढ्यानं काही सिद्ध होत नाही, हे तुम्हीच म्हणायचात. ह्या मुलखातला काळा दगड सगळीकडे सारखाच, कमळंही सारखीच. "एक दगड असा मिळाला पाहिजे, ज्याचा अर्धा भाग वर आहे आणि अर्धा खाली. तुटलेली कड जुळली की मग कुणी बोलायला नको."

आणि तो दगड माझ्या गोठ्यात होता.

आता सांगतो. आपली ओळख होऊन चारच महिने झाले होते. समितीनं पायऱ्यांपासून काम सुरू करायचं ठरवलं. तुम्ही त्या दिवशी डोळे दाखवायला पुण्यात गेला होतात. मजुरांनी तिसरी पायरी पहारीनं उचकटली आणि त्यातला एक दगड पालथा पडला. वरून साधा, पायांनी झिजलेला. खालच्या बाजूला चंद्र, सूर्य, आणि त्याखाली गाढव. डोकं, कान, पाठ, आणि तिथून पुढे तुटलेलं. मजूर म्हणाला, "सेठ, ये क्या है?" मी म्हणालो, "कुछ नहीं, पलटा मारो."

मी ओळखलं होतं. माझ्या मामाच्या गावी असा एक आख्खा दगड आहे, आणि लहानपणी तो बघायला गेलो म्हणून मामीनं मला काठी घेऊन पिटाळलं होतं. जुन्या काळी देवाला जमीन दिली की असा दगड रोवायचे. दान कुणी मोडू नये म्हणून दगडात कोरलेली शिवी ती, गाढव आणि बाई. जो मोडील त्याच्या आईला. मला वाटलं, हा त्या बुडालेल्या गावचाच. त्यांच्या देवाची शिवी आजोबांनी आमच्या देवाच्या पायरीत पालथी घातली आणि आम्ही तीन पिढ्या तिच्यावर पाय देऊन आत जातोय. हे व्याह्यांना कळलं तर सविताला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी तो दगड टेम्पोत घातला आणि गोठ्यात कडबाकुट्टीच्या मशीनखाली पालथा बसवला. मशीन जरा हलत होतं, ते हलायचं थांबलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, तिसऱ्या पायरीपाशी बराच वेळ वाकून बसलात, आणि म्हणालात, "इथला एक कमी दिसतोय."

"फुटला. भरावात गेला."

"हं," म्हणालात तुम्ही, आणि टेप काढून त्या खड्ड्याची मापं घेतलीत. लांबी, रुंदी, खोली. खाली वाकून चुन्यावर फुंकर मारलीत. मला वाटलं, म्हातारा वेडा आहे, नसलेल्या दगडाची मापं घेतोय. त्या दिवसापासून आपण समितीला सांगून काम थांबवलं. तुम्हाला वाटत असेल मी तुमच्या आग्रहानं थांबवलं. मी भ्यायलो होतो, आणखी काय निघेल म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही टेकडीवरून घामाघूम होऊन आमच्या ओट्यावर आलात. एवढं खूश मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. "खालचा तुकडा सापडला, अध्यक्ष. शिल्प आहे. अर्धा जमिनीत आहे, आता फक्त वरचा पाहिजे." मी विचारलं, "काय आहे त्याच्यावर?" तुम्ही कुसुमकडे बघितलंत. ती ताक घेऊन आली होती. तुमचे कान लाल झाले. "ते... वर चला, दाखवतो. वहिनींसमोर नको."

माझा गुडघा तेव्हा सुजलेला, वर चढणं शक्य नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला बघायचंही नव्हतं. तुम्ही जे बोलायला लाजलात ते मी लपवून बसलो होतो, आणि आपल्या दोघांच्या मधे कुसुम ताकाचे पेले घेऊन उभी होती. तिला हे सगळं परवा सांगितलं तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "दोघं बी येडे. आमी बायकांनी काय गाढाव बघितलं न्हाई व्हय?"

सर, तुम्ही त्या वेळी एकदा "गाढव" म्हणाला असतात ना, तरी पुरे होतं. मी मशीन बाजूला सारून तुम्हाला गोठ्यात नेलं असतं. तुमचा हा पुणेरी सभ्यपणा मला कायम टोचत आलाय, आणि आजही टोचतो. आणि माझा भित्रेपणा तुम्हाला टोचत असणारच, तुम्ही बोलला नाहीत एवढंच.

शेवटचं भेटलो ते तुम्ही जायच्या दोन दिवस आधी. खिडकीशी पलंग ओढून घेतला होता तुम्ही. तिथून देऊळ दिसतं, पलीकडे टेकडी दिसते, आणि मधे नांदे गावाच्या बाजूला नवीन इमारतींच्या क्रेन. तुमचा आवाज अगदी बारीक झाला होता. मी ठरवून आलो होतो की आज सांगायचं. जिन्यात नाही, लिफ्टमध्ये नाही, समोर बसून सांगायचं. आणि समोर बसल्यावर मी तुम्हाला पाण्याची टाकी धुतली का, सोसायटीचा नवा वॉचमन कसा आहे, असलं काहीबाही विचारत बसलो. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मग म्हणालात, "गुरं कशी आहेत?"

मला नवल वाटलं. दोन वर्षांत तुम्ही माझ्या गुरांची कधी चौकशी केली नव्हती. शेणाच्या वासानं तुम्ही नाकाला रुमाल लावायचात.

"बरी आहेत."

"गोठ्यात एकदा यायचं होतं. राहून गेलं."

"बरे व्हा, मग या," मी म्हणालो. तुम्ही माझा हात थोपटलात, आणि म्हणालात, "घाई नाही."

तुम्ही गेलात तेव्हा मला दुःख झालं हे खरं, पण आधी काय वाटलं ते कबूल करतो. वाटलं, आता कुणी विचारणार नाही. ते वाटलं आणि लगेच स्वतःचीच किळस आली. तेरा दिवस मी गोठ्यात गेलो नाही. कडबा कुसुमनंच कापला.

तेराव्याला मुग्धा भेटली. तुमच्यासारखंच बोलते, मोजकं. तिनं एक लांब गुंडाळी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "काका, बाबांनी सांगितलं होतं, हे अध्यक्षांचं आहे." मी घरी येऊन ती जमिनीवर उलगडली. खांब, कमानी, कमळं, सगळं होतं. नंबरसकट. आणि शेवटच्या कागदावर पायऱ्या. पहिली पूर्ण, दुसरी पूर्ण, तिसरीत एक चौकोन कोरा.

कोरा म्हणजे अगदी कोरा नव्हता. आत तुटक तुटक रेघांनी एक चंद्र काढला होता. एक सूर्य. दोन लांब कान. त्या चौकोनाच्या बरोब्बर खाली, मापात, टेकडीवरचा तुकडा काढलेला. चार पाय, आणि बाकीचं जे काही तुम्ही कुसुमसमोर सांगणार नव्हता ते सगळं. दोन्हींच्या मधे टिंबांची रेघ.

मी दगड नेला होता, सर, पण तो जिथं पालथा बसला होता तिथल्या चुन्यात त्याचा ठसा तसाच राहिला होता. आयुष्यभर नकाशे काढणाऱ्या माणसासमोर मी ठसा ठेवून दगड लपवला. तुम्ही फुंकर मारलीत तेव्हाच तुम्हाला कान दिसले असणार. म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. पायरी फुटली नाही हे माहीत होतं, दगड गोठ्यात आहे हेही कुठून तरी कळलं होतं. आणि तरी तुम्ही दीड-पावणेदोन वर्षं रोज सकाळी माझ्याकडून कागद धरून घेतलात आणि एक शब्द काढला नाहीत.

मी चिडलो, खरंच चिडलो. एवढं कळत होतं तर कान धरून विचारायचं होतं. दोन शिव्या घालायच्या होत्या. जिवंतपणी जुळलेला बघितला असतात. मग त्या चौकोनाशेजारी तुमच्या बारीक अक्षरातली पेन्सिलची ओळ दिसली: "मूळ दगड अध्यक्षांकडे. दाखवतील तेव्हा भरणे. घाई नाही."

मी कुसुमला हाक मारली आणि तिला सगळं सांगितलं. मग व्याह्यांना फोन केला. म्हणालो, "ज्ञानोबा, उद्या सकाळी या. तुमच्या देवाचा काय तो निकाल लावू."

काल दगड टेम्पोतून टेकडीच्या पायथ्याशी नेला आणि तिथून चौघांनी बांबूला बांधून वर चढवला. गुडघा दुखत होता, पण चढलो. चिंधी होती तिथंच. जाळी बाजूला केली, तुमचा तुकडा दिसला, आणि आम्ही वरचा त्याच्यावर हळूच टेकवला. गाढवाची पाठ गाढवाच्या पायांवर बसली. कुठेही फट नाही. दगड आमच्याच टेकडीचा, आमच्याच भैरोबाच्या जुन्या देवळाचा. त्याच्यावरची शिवी दुसऱ्या कुणाची नव्हती, ती आमच्याच जमिनीची राखण करत होती.

व्याही बराच वेळ उकिडवे बसून बघत होते. कडेवरून अंगठा फिरवला त्यांनी. मग म्हणाले, "मंग त्या गाड्यांत काय व्हतं?"

त्यांनीच पुढं सांगितलं. "आमची आज्जी सांगायची, तुमच्या आज्याच्या गाडीत उखळावर बसून आले म्हनून. आमी पोरं हसायचो. उखाळ अजून दारात हाय."

"म्हंजी तुमचीच मानसं व्हती गाडीत, पाव्हणं," कुसुम म्हणाली.

ज्ञानोबांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. ते वरमले असतील, असं मला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर दुसरंच काही होतं. "म्हंजी आमचा देव कुनी न्हेलाच न्हाई," ते म्हणाले. "तितंच हाय. पान्याखाली, पर जाग्यावर हाय." आणि ते हसले, सर. मी त्यांना एवढी वर्षं ओळखतो, असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात कधी आलंच नाही की देव चोरीला गेला ह्याचं ओझं त्यांच्याही घरावर असेल. खाली उतरताना त्यांनी स्वतःहून सविताला फोन लावला आणि म्हणाले, "पोरी, तुज्या बापाकडं जेवूनच येतो आज. पायरीवर बसून."

देऊळ आता पाडत नाही. कमळांवरचा रंग काढायचा आणि पायऱ्या तुमच्या नंबरांप्रमाणे परत बसवायच्या, असं समितीनं काल संध्याकाळीच ठरवलं. अध्यक्षांनी रेटून नेलं म्हणतात. गाढवाचा दगड मात्र पायरीत जाणार नाही. तो टेकडीवर आपल्या पायांवर उभा राहील, आणि ज्याला बघायचाय त्यानं बघावा, बायकांनीसुद्धा.

आज सकाळी साडेसातला मी नोकरीवर गेलो. तुमचा शेवटचा कागद घेऊन टेकडी चढलो. चौकोन छोटा, दगड मोठा, म्हणून आधी वेगळ्या कागदावर ठसा घेतला. कोपरे कुसुमनं धरले. कोळसा कसा आडवा धरायचा ते हाताला आठवत होतं, पण कान दाबून घासला गेला आणि चंद्राला डाग पडला. मग ते बघून, पट्टीनं मापं कमी करत, तुमच्या चौकोनात काढलं. वाकडं आलंय. गाढव जरा हसल्यासारखं दिसतंय. तुम्ही असता तर रबर पुढे केलं असतंत.

पुसलं नाही. तुमच्या त्या ओळीखाली पेन्सिलनं एवढंच लिहिलं, सर: "दाखवला."